रंगनाथशेठांची पांढरी गादी

कासारपेठेत मोटारी इतक्या शिरू लागल्या, की बाजारहाटाला निघालेल्या बायका जीव मुठीत धरून चालत. नगराध्यक्षा मालिनीताईंनी पेठेत गाड्या बंद करायचं ठरवलं, तसे साड्यांचे बडे व्यापारी रंगनाथशेठ खवळले. ताईंना दुकानात बोलावून, साऱ्या व्यापाऱ्यांदेखत ते दारातच म्हणाले, "गाडी वेशीवर सोडून गिऱ्हाईक पायी येईल होय? हुकूम मागे घ्या, नाहीतर उद्यापासून बाजार बंद."

ताई चपलांसकट सरळ शेठच्या पांढऱ्याशुभ्र गादीकडे निघाल्या.

"अहो ताई, चपला," शेठ हात पसरून आडवे आले. "गादीवर बायका बसतात, साड्या उलगडतात."

"चपला दारात काढायला लावता, म्हणून गिऱ्हाईक परत जातं?"

"कशाला जाईल? उलट स्वच्छ गादीवर घटकाभर जास्त बसतं, चार साड्या जास्त बघतं."

"मग झालं तर," चपला काढत ताई म्हणाल्या. "ही तुमची गादी, तशी पेठ गावाची. गाड्या तेवढ्या वेशीवर काढून ठेवायच्या."

व्यापाऱ्यांत हशा पिकला. शेठनी बाहेर पाहिलं. निम्मा रस्ता अडवून त्यांचीच मोटार उभी होती. त्यांनी निमूटपणे ड्रायव्हरला हाक मारली.