दहाव्या वचनापासून

"शास्त्रातलंच सांगितलं ना मी? मग माझं काय चुकलं, बाई?"

यशया पाटोळे तणतणत ओसरीवर चढला. तबिथाबाई हादग्याची फुलं निवडत बसल्या होत्या. गावोगावच्या बायकांना पवित्र शास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. यशयाकडून लहानपणी वचनं घोकून घेतली, तीही त्यांनीच. आता तो चर्चचा पाळक होऊन गावात आला होता.

"आधी चपला काढ, पाळकसाहेब. मग शास्त्र."

त्याने चपला काढल्या.

"कुणाला सांगितलंस?"

"मर्सीला. लग्नानंतर वकिली सोड म्हटलं. पाळकाची बायको कोर्टात भांडत उभी राहिली, तर मंडळी काय म्हणेल? सद्गुणी स्त्रीचा अध्याय काढून दिला तिला."

"मग?"

"म्हणाली, रविवारी देवळात मंडळीपुढे आपल्या ठरलेल्या लग्नाची सूचना वाचू देऊ नकोस."

बाई खुदकन हसल्या. "पोरगी खमकी आहे."

"थट्टा नको, बाई. परवा रविवार. तुम्ही जाऊन शिकवा तिला तो अध्याय. तुमचं ऐकेल ती."

"तुला येतो?"

यशया ताठ बसला. याच अध्यायाने त्याला लहानपणी पाठांतराच्या स्पर्धेत बक्षीस मिळवून दिलं होतं. डोळे मिटून तो घडाघडा म्हणू लागला. माणकांहून मोलाची ती. अंधार असतानाच उठणारी ती. शेत पारखून विकत घेणारी ती... इथे तो जरासा अडखळला. पण शेवटपर्यंत गेला.

"हे दहाव्या वचनापासून झालं. पहिल्यापासून म्हण."

"स्पर्धेला दहापासूनच असायचं."

"आज स्पर्धा नाही."

पिशवीतलं शास्त्र काढून त्याने पान उघडलं. पहिल्या वचनावर बोट ठेवलं... आणि ते तिथेच राहिलं.

"वाच की."

"आई... मुलाला शिकवते आहे."

"हं."

"राजा आहे तो. त्याला म्हणते, दारूच्या नादी लागू नको. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी तू बोल. गरिबाला न्याय दे..."

त्याला काळ्या कोटातली मर्सी आठवली.

बाई फुलं निवडत राहिल्या.

"मग बाई," पानावरून नजर उचलत तो म्हणाला, "तिच्याकडे जाऊन आता काय सांगू?"

बाईंनी त्याच्या हातातलं शास्त्र काढून घेतलं. मिटून आपल्या मांडीवर ठेवलं.

"मोकळ्या हातांनी जा. ऐकून ये."