न वाजलेला भोंगा

नदीकाठच्या एका गावात हेरंब नावाचा प्रोग्रामर राहत होता. कामात वाघ; पण कुणी शंका काढली की त्याच्या कपाळाला आठी पडे.

त्याच गावात द्वारकाबाई महाशीर मासे सांभाळत. नदीतले महाशीर केव्हाच संपले होते. बाईंच्या हौदात तेवढे चाळीस उरले होते, अकरा वर्षं पोटच्या पोरांसारखे जपलेले. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजावा, म्हणून हेरंबने त्यांना प्रोग्राम लिहून दिला होता. भोंगा ऐकला की धावायचं, असं शेजाऱ्यांनी कबूल केलं होतं.

प्रोग्राममध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं, म्हणजे ठरावीक काम करणारे तुकडे, होती; आलेला आकडा पाहून त्यातलं कोणतं चालवायचं ते संगणक ठरवी. एक सर्वसाधारण साचा : कसलाही आकडा येवो, तो नुसता टिपून ठेवायचा. दुसरं खास प्राणवायूचं, दशांशातल्या आकड्यासाठी : आकडा चारच्या खाली गेला की भोंगा वाजवायचा.

पुढे प्राणवायू मोजणारं यंत्र बिघडलं. नवं आलं, ते दशांशाऐवजी पूर्णांक पाठवी. हेरंबने ते जोडलं. संगणकाने एकही चूक दाखवली नाही.

"दादा, एकदा भोंगा वाजवून दाखव की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मावशी, चूक असती तर संगणकच ओरडला असता. प्राणवायूसाठी खास फंक्शन लिहिलंय. ते सोडून तो दुसरीकडे जाईलच कशाला?"

बाई हौदाकडे वळल्या. शिकलेल्या माणसापुढे काय बोलणार!

चार दिवसांनी त्या भाचीच्या लग्नाला गेल्या. भर दुपारी वीज गेली. हवेचा पंप थांबला. संगणक तेवढा बॅटरीवर चालू राहिला. प्राणवायू पाचावरून तीनवर आला, तीनवरून एकावर. शेजारी ओसरीवरच बसून होते. भोंगा वाजला नाही.

बाई परतल्या तेव्हा चाळीसही मासे उताणे तरंगत होते.

हेरंब धावत आला. कारण पाच मिनिटांत सापडलं. खास फंक्शनसाठी पूर्णांक आधी दशांशात बदलावा लागला असता. साच्याला तो जसाच्या तसा चालत होता. संगणकाने साचाच निवडला. तीन, दोन, एक, सारे आकडे नीट टिपलेले होते. त्याने एक ओळ बदलली.

"मावशी, आता वाजेल."

बाईंनी हौदावरची नजर काढली नाही. "कुणासाठी रे?"

त्या नदीच्या खोऱ्यात महाशीर पुन्हा कुणी पाहिला नाही.

तात्पर्य : चूक दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं नव्हे. ज्याच्या भरवशावर जीव सोपवायचे ते आधी पारखून घ्यावं. 'पारखून बघ' म्हणणाऱ्याला उडवून लावू नये.