‘अ’च्या पुढचं

"…आणि ॲप्रिसिटी म्हणजे काय, सांगा बघू सर?"

रसाळ सरांनी मान वर केली. ओठ हलले. आवाज आला नाही.

सुयोगला थांबायला वेळ नव्हता. "हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब! एवढ्याशा गोष्टीलासुद्धा इंग्रजीत शब्द आहे सर. आणि तोही ‘ए’वरून!"

गावातल्या शाळेत रसाळ सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काठीच्या आधारानं चालू लागले, पण बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं. बोलायला गेलं की शब्द जाग्यावर सापडायचा नाही.

सुयोग नवले त्यांचा लाडका विद्यार्थी. पुण्यातल्या शब्दांच्या स्पर्धेत त्याला ‘ए’ हे अक्षर मिळालं होतं. त्या एका अक्षराचे दुर्मीळ शब्द वेचून त्यानं भाषण बांधलं होतं. सरांच्या पाया पडायला आलोय, असं तो म्हणाला. खरं तर शाबासकी घ्यायला आला होता.

सर अंगणात उन्हात बसले होते. सुयोगची खुर्ची पेरूच्या सावलीत होती, आणि बोलता बोलता तो हात चोळत होता.

सर काठी टेकत उठले. डाव्या हातानं त्यांनी त्याची खुर्ची ओढायला सुरुवात केली… त्याच्यासकट.

"अहो सर, काय झालं? पडाल!"

सुयोग धडपडत उठला. सरांनी खुर्ची उन्हात आणून ठेवली. तिच्यावर थोपटलं.

तो बसला. पाठ हळूहळू तापू लागली. त्याचं हात चोळणं थांबलं. बोलणं नाही.

"पुढचा ऐका. ॲक्नेस्टिस! म्हणजे पाठीवरची ती जागा, जिथं खाजवायला आपला हात पोचत नाही."

चहा घेऊन आलेल्या काकू हसायला लागल्या. "ह्यांची ती जागा मला बरोब्बर सापडते. तिला नावपण असतं होय?"

सरही हसले. आवाज न करता, खांदे हलवून.

सुयोग खुलला. "अजून आहेत काकू! परीक्षकांनासुद्धा येणार नाहीत असे."

"असू देत बाबा. आधी चहा घे."

त्यानं कप उचलला. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं. जे आल्याआल्या विचारायचं, ते त्यानं आता विचारलं.

"सर काही बोलतात का हो, काकू?"

"बोलतात की. ‘पाणी’ येतं. ‘नको’ तर फार छान येतं." काकू पदरानं सरांची हनुवटी टिपत म्हणाल्या, "मला हाक मारणं तेवढं त्यांना जमत नाही. काठी आपटतात. मी येते."

सर खाली बघत होते.

"तुमचं नाव सुलोचना ना? सर, म्हणा बरं… सु…"

सरांनी मान हलवली. नाही.

"नाव कधी घेतलंय त्यांनी माझं!" काकू लाजल्या. "आमच्या वेळी कुठं असलं."

"मग काय म्हणायचे?"

"ते मी सांगायचं नाही. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनी बजावलंय. पहिलं अक्षर द्यायचं आणि थांबायचं. शब्द त्यांचा त्यांनी आणायचा." त्यांनी ट्रे उचलला. "मी अक्षर देते रे. पण थांबवत नाही मला. ते असे कासावीस होतात… मीच बोलून टाकते पुढचं."

"कुठलं अक्षर?"

"अ."

काकू रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली.

सुयोगला हुरूप आला. "सर, ‘ए’ म्हणजे ‘अ’च की, हे तर माझंच अक्षर! आत्ता काढतो शब्द." त्यानं खुर्ची जवळ घेतली. "अ…"

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अ… अ…"

"अहो? नाही, ते तर त्या तुम्हाला म्हणणार. अन्नपूर्णा? लाडानं काही? अप्सरा? अमृता?"

सरांचे ओठ थरथरले. जे काही येत होतं, ते परत गेलं. त्यांनी डोळे मिटले.

"अनू? अक्का? सर, अंबा…"

सरांचा डावा हात वर आला. हलकेच सुयोगच्या तोंडावर येऊन थांबला.

हा हात सुयोगच्या ओळखीचा होता. वर्गात कुणी पोर उत्तर देताना अडखळलं की सुयोग जागेवरून ओरडून सांगून टाकायचा. मग सर रागवायचे नाहीत. त्याच्या बाकाशी येऊन उभे राहायचे, त्याच्या तोंडावर असाच हात ठेवायचे, आणि त्या अडखळणाऱ्या पोराकडे बघत राहायचे. सगळा वर्ग थांबायचा. पोराचं उत्तर यायचं… कधी तरी यायचंच.

तेव्हा त्या हाताला खडूचा वास असायचा. आता औषधी तेलाचा होता.

सुयोगला उमगलं, एवढ्या दिवसांत आपण एकदाही इकडे फिरकलो नाही. आलो तेही भाषण ऐकवायला.

त्यानं तो हात दोन्ही हातांत धरला.

"अ…" तो म्हणाला. आणि थांबला.

सर त्याच्याकडे बघू लागले.

थांबणं अवघड होतं. तोंडाशी शब्दांची रेटारेटी होती. मराठीतले, इंग्रजीतले, सगळे त्याच एका अक्षराचे. त्यानं एकेक गिळला.

पेरूवर खार ओरडली. रस्त्यानं दुधाची गाडी गेली. चहा गार झाला.

सरांच्या मानेची शीर ताठ झाली. "अ…"

डोळ्यांत पाणी आलं. सुयोगच्याही आलं. त्याला वाटलं, पुरे, नको आता. तो बोलला नाही. नुसता हात धरून बसला.

"अ…"

कितीतरी वेळ काहीच नाही…

"अगं."

आतली भांडी वाजायची थांबली.

सर स्वतःच दचकले. मग दाराकडे वळले, आणि झटका येण्याआधी रोज म्हणत होते, तसे सहज म्हणाले,

"अगं… ऐकलंस का?"