तळ न दिसणारं पातेलं

एका राज्यात रोज तिसऱ्या प्रहरी एक आवाज होई. धप्प. जरा थांबून पुन्हा, धप्प. राजाच्या मुदपाकखान्यामागच्या खड्ड्यात भाताची पातेली उपडी होत, त्याचा तो आवाज. फार वर्षं झाली, पण मला तो अजून ऐकू येतो. पातेली उपडी करायला सांगणारा मीच होतो. मी तिथला मुख्य आचारी, दाजीबा.

त्या मुदपाकखान्याची एक रीत होती. पंगत उठली तरी पातेल्याचा तळ दिसता कामा नये. तळ दिसला की राजाची अब्रू गेली. म्हणून कोठावळा निळोजी शिधा काढताना चार मापं जास्त काढी. मी आधणात आणखी दोन वैरत असे. वाढपी नको नको म्हणणाऱ्याच्या पानात वर एक डाव वाढत. जेवायला किती पानं, हे कोणी कोणाला विचारत नसे. विचारणं हलकं समजत.

एके दिवशी मागच्या दारी भागाई आली. डोंगरावर राहणारी, मंत्र जाणणारी म्हातारी.

"दाजीबा, लेक बाळंत झालीय. अंगावर दूध नाही. चार घास भात दे."

"पंगत उठू दे, मावशी. तोवर पातेल्याला हात लावता येत नाही."

ती उन्हात बसून राहिली. पंगत उठली. मी विसरलो. तिच्या डोळ्यांदेखत सात पातेली खड्ड्यात गेली.

भागाई ओरडली नाही. चुलीतली चिमूटभर राख उचलून तिने फुंकली. "ह्या चुलीवरचं अन्न आता कुणाच्या अंगी लागणार नाही," म्हणाली आणि डोंगर चढून गेली.

तेव्हापासून लोक पोटभर जेवत आणि उपाशी उठत. राणी नुकतीच बाळंत झाली होती. तिचं दूध आटलं. राजपुत्र रडायचाही थांबला, नुसतं तोंड उघडी. महाराजांनी मला बोलावलं.

"दाजीबा, यातलं तुला काही ठाऊक आहे?"

"नाही, महाराज," मी म्हणालो.

ते बोलून मी खड्ड्यापाशी गेलो. काठावर एक डोमकावळा बसला होता.

"आचाऱ्या, खोटं बोललास," तो म्हणाला.

"होय."

"मग तीन कामं कर. हा खड्डा उपस आणि काय काय फेकलंस ते वेगळं कर. मग एक पंगत अशी वाढ, की पातेल्याचा तळ दिसेल आणि एक शीत उष्टं राहणार नाही. मग भागाईच्या दारी जा. तिने तुझ्या हातचा एक घास खाल्ला, तर शाप फिटेल."

मी खड्डा उपसला. आत काही कुजलं नव्हतं. जसं टाकलं तसंच वर आलं. सालं-देठांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. पानात उष्टं टाकलेल्याचा कमरेएवढा. आणि जे कुणाच्या पानाला लागलंच नव्हतं, त्याचा ढीग माझ्या डोक्यावर गेला. त्याच्या सावलीत मी खाली बसलो.

मग मी वाड्यातल्या दारोदारी गेलो. "उद्या जेवायला येणार का? भात किती घेता?"

निळोजी मागून हसला. "दाजीबा, राजवाडा आहे की खानावळ? आता पाहुण्यांची पोटं मोजणार?"

"मोजतो. तूही चल."

दोनशे अकरा पानं भरली. तेवढाच शिधा काढला, आणि भागाईच्या घरासाठी दोन पानं वेगळी. वाढप्यांना मागितल्याशिवाय वाढू दिलं नाही. पंगत उठली तेव्हा तळ लख्ख दिसत होता. वाढप्यांनी घाबरून पातेल्यावर फडकं टाकलं. मी ते काढलं. महाराज वाकून आत बघत राहिले.

"आतून कल्हई असते होय?" त्यांनी विचारलं.

त्या दोन पानांचा भात घेऊन मी डोंगर चढलो. भागाईच्या ओटीवर पाळणा उलटा करून ठेवलेला होता.

"मावशी, मी विसरलो. मग महाराजांशी खोटंही बोललो."

"आणि आता का आलास?"

"राजपुत्र दुधावाचून चाललाय."

"माझा नातू गेला, तेव्हा कोण आलं?"

मी भाताचं पान पुढे धरून उभा राहिलो. धरून धरून हात भरून आले. आत तिची लेक अंबू भिंतीकडे तोंड करून निजली होती. तशीच बोलली, "आई, त्या पोराने काय केलंय?"

भागाईने एक घास घेतला. तिला तो गिळायला फार वेळ लागला. तो गिळला गेला, तेव्हा तिकडे वाड्यात राणीला पान्हा फुटला आणि मूल चुरूचुरू पिऊ लागलं.

महाराजांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला आचारीपणावरून काढलं आणि मागच्या दारी येणाऱ्या भुकेल्यांना वाढायला बसवलं. खड्डा बुजला. देठं-सालं गोठ्यात जाऊ लागली. पंगत बसण्याआधी मागच्या दारचा भात निघू लागला. निळोजी रोज सकाळी दारोदार ओरडत फिरे, "नक्की सांगा हो, येणार की नाही!"

वर्षाने एकदा त्या दारी अंबू आली. मी तिचा द्रोण भरला. "लेकी," एवढंच म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं. द्रोण रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला, आणि निघून गेली.