रानडुकरिणीच्या झोपडीची पश्चिमेकडची भिंत

विषय : रानडुकरिणीच्या झोपडीस घर म्हणून मान्यता मिळणेबाबत.
संदर्भ : तिचा अर्ज, आणि त्यानंतर आलेले वादळ.

बालमित्रांनो, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सह्याद्रीतल्या एका जंगलात एक रानडुकरीण राहत असे. पिल्ले व्हायची वेळ जवळ आली की ती उतारावर एक झोपडी बांधी. कारवीच्या काठ्या, उंच वाढलेले गवत आणि बांधायला वेल, एवढेच तिचे सामान, आणि तेही सगळे आसपासचे. भिंती फक्त वरच्या बाजूने बांधलेल्या असत. उकाडा झाला की ती त्या नाकाने उचलून छपराला अडकवी, पाऊस आला की खाली सोडी, आणि वारा सुटला की काढून चक्क झुडपाला टेकवून ठेवी. वारा एका बाजूने येई, दुसऱ्या बाजूने निघून जाई. आजवर त्याने तिचे काही नेले नव्हते.

त्या वर्षी जंगलाचा राजा जो वाघ, त्याला विश्रामगृह हवेसे झाले. त्यासाठी बर्फाच्या मुलखातून एक जाणकार अस्वल आणवले. त्याने आपल्या गावी बांधतात तसेच इथे बांधले. जाड दगडी भिंती, सपाट छप्पर, एक दार, आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी नाहीच. ऊब खरोखरच बाहेर गेली नाही. वाघ पहिल्या दुपारी आत झोपायला गेला आणि थोड्याच वेळात जीभ लोंबवत बाहेर आला. "भव्य झाले आहे," एवढे बोलून तो जांभळीच्या सावलीत जाऊन झोपला.

भव्य वास्तूसमोर मोकळे अंगण हवे. म्हणून राजाचा कारभारी कोल्हा याने हुकूम काढला की, मान्यता नसलेली आसपासची सर्व बांधकामे पाडण्यात येतील. रानडुकरिणीचे दिवस भरत आले होते. अशा अवस्थेत दुसरीकडे जाऊन नवी झोपडी बांधणे तिला शक्य नव्हते. तिने मान्यतेसाठी अर्ज केला. कोल्हा अस्वलाला घेऊन पाहणीस आला.

"भिंती कुठे आहेत, बाई?"

"वर. उकडतंय म्हणून टांगल्यात."

"भिंत उभी असते. टांगलेला असतो तो पडदा."

"पाऊस आला की खाली येतात."

"म्हणजे मी पावसात पाहणीला यायचं?"

"या की. आत बसलात तर भिजणार नाही."

अस्वलाने छपराला पंजा लावून पाहिला. छप्पर डुलले. अस्वल दचकून मागे सरले. "हे हलतं," ते म्हणाले. त्याला खरोखरच धक्का बसला होता. "आमच्याकडे हललेलं घर पडतं."

"आमच्याकडे न हललेलं पडतं, अस्वलभाऊ," रानडुकरीण म्हणाली.

कोल्ह्याने शेरा मारला, 'भिंती आढळल्या नाहीत.' तिच्या विनंतीवरून तो पुन्हा एकदा आला, तर त्या दिवशी वारा होता आणि भिंती झुडपाला टेकलेल्या. "आता तर टांगलेल्यासुद्धा नाहीत," कोल्हा म्हणाला. "बाई, तुमचं घर हवा पाहून बदलतं. मी मान्यता द्यायची कुणाला, घराला की हवेला?" झोपडी पाडायचे ठरले.

पाडायला माणसे, म्हणजे रेडे, यायच्या आधीच हस्त नक्षत्रातले वादळ आले. त्याच सकाळी रानडुकरिणीला पिल्ले झाली होती. तिने भिंती काढल्या, खांब ढिले करून छप्पर टोपलीसारखे खाली बसवले आणि पिल्लांना पोटाशी घेतले. पण वाऱ्याने भलतीच दिशा धरली. पश्चिमेकडे छपराखाली उरलेल्या फटीतून पाऊस थेट पिल्लांवर येऊ लागला. भिंत लावावी तर वारा भिंतीसकट छप्पर उडवणार, कारण कारवीला वजन नाही. न लावावी तर ओली पिल्ले गारठून मरणार. ती कुठले वजन सापडते का ते पाहत होती.

तिकडे विश्रामगृहाच्या सपाट छपरावर तळे साचले. दारातून आत शिरलेल्या वाऱ्याला निघायला जागा मिळेना, तेव्हा त्याने दगडाची एक बाजूच ढकलून दिली. राजा, कारभारी आणि जाणकार हे तिघे चिखलातून पळत रानडुकरिणीच्या फटीशी येऊन उभे राहिले.

"बाई, आत घ्या," वाघ म्हणाला.

रानडुकरिणीने त्याच्याकडे पाहिले. तिची गेल्या वर्षीची पिल्ले कुठे गेली, हे तिला ठाऊक होते आणि त्यालाही.

"या, महाराज. पण शेपटीकडून या. तोंड बाहेर राहील."

अस्वलाने डोळे मिटून घेतले. राजाशी असे कोणी बोलल्याचे त्या जंगलात कोणी ऐकले नव्हते, राजाने तर नाहीच.

"आम्ही राजे आहोत," वाघ कसाबसा म्हणाला.

"म्हणूनच तर. राजाची नजर राज्यावर असावी. आणि उभे राहू नका, या फटीत आडवे व्हा. पोट थोडं आत घ्या. हां. अस्वलभाऊ, छपराचा हा वेल सुटतोय, याच्यावर बसा. कारभारी, तुम्ही त्या कोपऱ्यातल्या भोकात."

"भोकात?"

"तुमच्याच मापाचं आहे."

वादळ ओसरेपर्यंत वाघ पश्चिमेकडची भिंत होऊन पडून राहिला. मागे पिल्ले दूध पीत होती, त्याच्या पाठीला चिकटत होती, एक तर त्याच्या शेपटीवर झोपले. त्याने एकदा मान वळवून पाहिली. रानडुकरीण सुळा त्याच्या मांडीजवळ टेकवून जागीच होती. त्याने मान पुन्हा राज्याकडे केली.

उजाडले तेव्हा विश्रामगृहाचे दगड ओढ्यात होते. झोपडी जागच्या जागी होती आणि पिल्ले सगळी जिवंत होती. वाघाने अंग झटकले. "कारभारी, मान्यता देऊन टाका."

"महाराज, पाहणीशिवाय कसं देता येईल?" असे म्हणून कोल्ह्याने तिथल्या तिथे पाहणी केली आणि लिहिले, 'भिंत एक आढळली. साहित्य : वाघ, स्थानिक. छपरावर वजन : अस्वल, परमुलखातील. बूच : स्वतः पाहणी अधिकारी.' तेवढ्यात भिंत उठून शिकारीला निघून गेली. कोल्ह्याला ओळ खोडावी लागली. पण राजा स्वतः जिथे भिंत म्हणून हजर होता, तिथे 'भिंती आढळल्या नाहीत' असे लिहायची त्याची हिंमत होईना. म्हणून त्याने लिहिले, 'भिंत परत आल्यावर फेरपाहणी करावी. निर्णय होईपर्यंत झोपडी पाडू नये.'

रानडुकरिणीने शेरा वाचून घेतला आणि छपराचे खांब पुन्हा उंच केले. त्यानंतर तिने अर्जाची चौकशी केलेली नाही.

तात्पर्य : आपल्या हवेला ओळखून, जवळच्या सामानाने, वाऱ्याला वाट ठेवून बांधलेले लहान घर भव्य वास्तूच्या मागे उरते. मात्र ते घर आहे हे कबूल करायला, ज्यांचा जीव त्यात वाचला त्यांनाही जड जाते.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.