न चाखलेली चटणी

घाट उतरून आलं की जे पहिलं गाव लागतं, त्या गावात हरी गुरव नावाचा एक आचारी होता. त्याचं घराणं देवळातल्या महाप्रसादाचं. आजोबांनी रांधलं, वडिलांनी रांधलं, आणि दोघांनीही उभ्या जन्मात पातेल्यातलं कधी चाखून बघितलं नाही. नैवेद्याआधी चाखलं की अन्न उष्टं होतं, हा घरचा दंडक. तरी मीठ कधी चुकलं नाही. चुकेल कसं? तेच पातेलं, तोच तांदूळ, तीच आमटी, आणि पिढ्यानपिढ्या तीच मूठ.

हरी मात्र पोटासाठी गाव सोडून गेला आणि एका मोठ्या प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात लागला. तिथे रमोन नावाचा मुख्य आचारी होता, मेक्सिको देशाचा. त्याने हरीला आपल्याकडचं जेवण शिकवलं. मक्याची पातळ भाकरी, तिला ते टॉर्टिया म्हणतात. शिजवून घोटलेला राजमा. आणि भाजलेल्या टोमॅटो-मिरचीची चटणी, तिचं नाव साल्सा. हरीचा हात चांगला होता. पाहुणे वाहवा करायचे. वर्षानुवर्षं वाहवा ऐकून हरीला वाटायला लागलं की चव आपल्या हातातच आहे. तसं वाटणं काही गुन्हा नाही म्हणा, पण महागात पडतं.

इकडे त्याची बायको मंदाकिनी गावात एकटी. निम्मा संसार तिने फोनवरच केला. सणाला पुरणपोळी करायची आणि एकटीने खायची, हे किती वर्षं चालणार? एका दिवाळीला ती फोनवर रडली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला हरी कायमचा घरी आला. बाजारपेठेत त्याने खानावळ उघडली आणि पाटी लावली, ‘मंदाकिनी मेक्सिकन खानावळ’. गावाने पाटी वाचून कपाळाला हात लावला. भाकरी, उसळ आणि चटणी घरी मिळते, ती हॉटेलात जाऊन कोण खाणार? पण नव्याचे नऊ दिवस असतातच. पहिल्या आठवड्यात बसायला जागा मिळेना.

पुढे मोठी गंमत झाली. कापडवाले जयवंतशेठ तिथे जेवले ते बोटं चाटत बाहेर आले आणि दिसेल त्याला सांगत सुटले की असं जेवण पाच गावांत नाही. ते ऐकून शाळेतून निवृत्त झालेल्या नलिनीबाई शेट्ये गेल्या, तर त्यांचं तोंड असं पोळलं की घरी जाऊन ताकभात खावा लागला. पोस्टमास्तर गेले, त्यांना सगळंच पाणचट लागलं. पदार्थ तेच, हात तोच, आणि बोलणी मात्र तीन तऱ्हेची. ज्याला आवडलं तो दुसऱ्याला म्हणे, तुला खाण्यातलं काय कळतंय. ज्याला नाही आवडलं तो म्हणे, तुला हरीने फुकट घातलं असणार. जयवंतशेठ आणि नलिनीबाई तर शेजारी शेजारी राहणारी माणसं. रोज संध्याकाळी देवळापुढच्या बाकावर बसून गप्पा मारायची. ती चटणीपायी बोलेनाशी झाली. आता हसू नका. माणसं याहून लहान गोष्टींवरून भांडलेली मी पाहिली आहेत.

हे सगळं हरीच्या कानावर कसं आलं नाही? तर त्या गावची एक रीत होती. ताटावर बसून अन्नाला नाव ठेवायचं नाही. त्यामुळे हरीने विचारलं की प्रत्येक जण मान डोलवून छान म्हणायचा, अर्ध्या ताटावरून उठायचा आणि उरलेलं बाहेर रिक्षास्टँडवर बोलायचा. पण ताटं उचलायचं काम मंदाकिनीकडे होतं. तोंडं काहीही बोलोत, ताटं खोटं बोलत नाहीत. कधी ताट पुसून लख्ख यायचं, कधी राजमा तसाच्या तसा. तिने ताटांचं आणि शेठ-बाईंच्या भांडणाचं दोनदा-तीनदा नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणायचा, ज्यांना माझं बरं झालेलं बघवत नाही त्यांची ती ताटं. नावडतीचं मीठ अळणीच लागतं.

गिऱ्हाईक आटत गेलं. ज्याला पुन्हा जावंसं वाटे, त्यालाही भीती, की आज काय नशिबी येतंय कोण जाणे. गणपती तोंडावर आले, आणि बोटीच्या कंपनीचा फोन आला. जागा रिकामी आहे, गणपती झाले की येतोस का? हरीने विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. मंदाकिनी दाराआड उभी होती. तिला वाटलं, पुन्हा तोच फोन, तीच एकटीची पुरणपोळी. पण ती रडत बसणारी नव्हती. तिने पदर खोचला आणि एक बेत केला. जयवंतशेठ आणि नलिनीबाई, दोघांनाही एकाच दिवशी, एकाच टेबलावर जेवायला बोलावलं. हरीनेही होकार दिला. त्याला वाटलं, बाईंचं तोंड एकदाचं बंद होईल.

दोघं आली. एकमेकांकडे न बघता समोरासमोर बसली. हरीने स्वतः वाढलं आणि बाजूला हात बांधून उभा राहिला. जयवंतशेठांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला. त्यांचं चावणं मध्येच थांबलं. मग ते तांब्याभर पाणी प्याले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, छान आहे. पण हात काही पुन्हा चटणीकडे गेला नाही. ज्या माणसाने गावभर डंका पिटला त्याचाच हात थांबला, हे हरीने पाहिलं.

लगेच तो बोलायला लागला. मिरची या बाजारची होती, ती जरा वेगळी लागली असेल. टोमॅटोही या खेपेला आंबट आले. बोटीवर कसं, सगळा माल एकाच कंपनीचा, एकसारखा यायचा. इथे प्रत्येक बाजाराला नवी मिरची.

नलिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, हरीसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, “हरी, तू चाखलीस का ही चटणी?”

हरी दचकलाच. म्हणाला, “बाई, वाढायच्या आधी चाखणं, हे आमच्या घरात कधीच नाही. उष्टं होतं.”

“देवाला न चाखता वाढलेलं चालतं बाबा. तो ताट परत पाठवत नाही. आम्ही माणसं आहोत. बस इथे, आणि जेव.”

मंदाकिनीने तिसरं ताट मांडलं. बाईंचा शब्द मोडायची हिंमत हरीत शाळेत असताना नव्हती, तशी अजूनही नव्हती. तो बसला. खानावळ उघडल्यापासून तिथलं जेवण त्याने कधी खाल्लं नव्हतं. घरी जाऊन बायकोच्या हातची आमटी-भात खायचा तो गडी. त्याने घास घेतला. मिरची करपलेली, घशापर्यंत कडू. राजम्याचा घास घेतला, तर त्यात मिठाचा कण नाही. पाटावरून उठवावं तसं कुणी त्याला उठवलं नाही, कुणी हसलंही नाही. पण हरीचे डोळे भरून आले, आणि ते तिखटाने नव्हे.

आणि तेव्हा त्याला रमोन आठवला. रमोनच्या खिशात कायम एक चमचा असायचा. हरीने पातेलं उतरवलं की रमोन येणार, चमचाभर चाखणार आणि सांगणार, मीठ घाल, लिंबू पिळ, आच कमी कर. एकही पातेलं त्या चमच्याखालून गेल्याशिवाय पाहुण्यांपर्यंत गेलं नव्हतं. हरीला ती रमोनची खोड वाटायची. वाहवा मात्र तो आपल्या हाताच्या नावावर जमा करत आला होता.

आता इथे माणसाची परीक्षा असते बघा. हरी म्हणू शकला असता, आजच जरा बिघडलं, एरवी असं होत नाही. जयवंतशेठांनी मानही डोलवली असती. पण त्याने तिन्ही ताटं उचलली आणि हात जोडून म्हणाला, “चुकलं माझं. तुम्ही दोघंही खरं बोलत होतात. मीच तुम्हाला कधी गोड, कधी कडू घालत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.”

तो पुन्हा चुलीपाशी गेला. नवी मिरची भाजली, नवी चटणी वाटली. वाटीभर चटणी आणि राजमा आधी देवाच्या नावाने बाजूला काढून ठेवला. आजोबांचा दंडक मोडायचं कारण उरलं नाही. मग पळीतला थेंब त्याने तळहातावर घेतला आणि चाखला. मीठ घातलं. पुन्हा थेंब, पुन्हा जीभ. लिंबू पिळलं. जिभेला पटलं तेव्हाच पातेलं बाहेर आणलं. त्या दिवशी मंदाकिनीने उचललेली ताटं लख्ख होती, आणि जयवंतशेठ आणि नलिनीबाई चालत घरी गेली ती एकत्र.

पुढे गावाने रीतही थोडी सैल केली. एकदा भरल्या खानावळीत जयवंतशेठच मोठ्याने म्हणाले की आज आंबटपणा अंमळ जास्त आहे. सगळे चपापले. हरीने तळहातावर थेंब घेतला, चाखला, आणि शेठचं बरोबर आहे म्हणून पातेलं आत नेलं. तेव्हापासून रिक्षास्टँडवर त्या चटणीबद्दल बोलायला काही उरलं नाही.

बोटीच्या कंपनीला हरीने फोन केला तेव्हा मंदाकिनी दाराआड नव्हती, शेजारी उभी होती. आपण येत नाही, असं त्याने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, “एक निरोप तेवढा द्या. रमोनला म्हणावं, चमचा सापडला.”

तात्पर्य: लोकांच्या निंदेचा किंवा स्तुतीचा निवाडा करण्याआधी आपलं काम आपण स्वतः चाखून पाहावं; जो स्वतःच्या ताटात बसत नाही, त्याला दुसऱ्याच्या ताटात काय पडतं ते कळत नाही.