लख्ख उन्हातला वायपर

टीव्हीवरच्या एका स्पर्धेत कलावंतांना लिस्बनच्या चढउतारांवर गाडी चालवायची होती. त्यांत नाटकवाल्या कुमुदिनीबाई रेगे होत्या. नवरा जाऊन चारच महिने झालेले. गाडी शिकवली होती त्यानंच.

वळणावर त्यांनी सवयीनं उजवीकडची दांडी ओढली, तर तिथल्या गाडीत दांड्या उलट्या बाजूंना असल्यानं इंडिकेटरऐवजी वायपर सुरू झाला. शेजारी बसलेला सूत्रसंचालक शौनक खो-खो हसला. मग आवाज हळवा करून म्हणाला, "ताई, रेगेसाहेबांची आठवण येत असेल ना? जरा कॅमेऱ्याकडे बघून बोला. रडू आलं तर येऊ द्या."

"रस्त्यावरून नजर हटली की बाद, हा नियम सकाळी तुम्हीच वाचून दाखवलात."

"मग गाडी बाजूला घ्या."

"वाटेत थांबलं तरी बाद. आणि चालवता चालवता डोळे भरले, तर पुढचं दिसणार नाही. तुम्ही पट्टा लावलाय ना?"

शौनकनं पट्टा चाचपला आणि घट्ट ओढून घेतला.

शेवटची रेषा ओलांडली, तो उतरला, कॅमेरे बंद झाले. बाई स्टिअरिंग धरून बसून राहिल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, पण समोरची काच धूसर दिसत होती. त्यांनी या वेळी मुद्दाम वायपर लावला. तो फिरत राहिला, तरी रस्ता काही स्वच्छ दिसेना.